पदवीची किंमत आणि पाण्याचे मोल

बारावीचे आणि प्रवेश-परीक्षेचे निकाल लागले, की पुण्यात दोन-तीन आठवडे दुसरा विषय नसतो. कोणत्या महाविद्यालयाची कोणती शाखा अर्जात कितव्या क्रमांकावर लिहावी, याचा खल घराघरांतून आणि कट्ट्याकट्ट्यांवर चाललेला असतो. आम्ही शाळेत शिकवीत होतो त्या काळातले आमचे एक विद्यार्थी गेल्या आठवड्यात याच कामासाठी आपल्या कन्येला घेऊन आमच्या कचेरीत आले. ते आता एका पतसंस्थेत लेखनिक आहेत. मुलीचे गुण चांगले आहेत. संगणकाची शाखा तिला सहज मिळण्यासारखी आहे. तिने मात्र पर्यावरण अभियांत्रिकीला पहिले स्थान द्यायचे ठरवले आहे. पित्याचा प्रश्न सरळ होता. ते म्हणाले, ‘‘सर, या पदवीला बाजारात भाव काय? अहवाल लिहिणे, आकडेमोड करणे, नकाशे काढणे हे सारे जर उद्या यंत्रच करणार, तर हिला नोकरीवर ठेवील कोण?’’

मुलगी बराच वेळ गप्प होती. त्यांचे घर सिंहगड रस्त्याकडे आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्या भागात जी साथ आली, तिच्यात शेजारच्या काकूंचे पाय लुळे पडले होते. ती एवढेच म्हणाली, ‘‘काकू अडीच महिने अंथरुणावर होत्या, सर. ते पाणी तपासायचे काम कोणाचे होते, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.’’

या दोन प्रश्नांपैकी पहिल्याला उत्तर देणे सोपे आणि दुसऱ्याला अवघड, असे प्रथमदर्शनी वाटेल. आमचे मत उलट आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाजाने दिल्याखेरीज पहिल्याचे उत्तर निघणारच नाही, आणि म्हणूनच एका घरातला हा वाद आम्ही आज वाचकांसमोर मांडत आहो.

प्रथम पित्याची बाजू घेऊ. विद्येचा हिशेब पैशात मांडणे हे हलकेपणाचे लक्षण आहे, असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. त्यांतल्या बहुतेकांची मुले मात्र स्थिरस्थावर झालेली असतात. ज्याच्या घरी महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी पैशांची ओढाताण सुरू होते, त्याला हा हिशेब मांडावाच लागतो. तो त्याचा हक्क आहे, नव्हे कर्तव्य आहे. तेव्हा तो नीटच मांडून पाहू.

समजा, एखाद्या विनाअनुदानित महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला सव्वा लाख रुपये आहे आणि बाहेरगावी राहण्या-जेवणाचा व पुस्तकांचा खर्च वर्षाला एक लाख आहे. चार वर्षांचे नऊ लाख झाले. घरातून दोन लाख निघाले आणि सात लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने, दहा वर्षांच्या मुदतीने घेतले, तर शिक्षणकाळातले व्याज सोडूनही महिन्याचा हप्ता सव्वानऊ हजारांच्या घरात जातो. नवा पदवीधर एखाद्या लहान सल्लागार कचेरीत बावीस हजारांवर लागला, तर त्याच्या पगाराच्या पाच भागांतले दोन भाग हप्त्यातच जातील. उरलेल्या पावणेतेरा हजारांत पुण्या-मुंबईत खोलीचे भाडे, खाणावळ आणि गावी पाठवायचे पैसे कसे बसवायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. तोच पगार चाळीस हजार असेल, तर हप्ता पाव भागाहूनही कमी होतो आणि सौदा पेलवतो.

सर्वांना मात्र हा एकच हिशेब लागू नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ केले. आमच्या या विद्यार्थ्याच्या कन्येला ती सवलत मिळते. तिला राहण्या-जेवणाचे चार लाखच उभे करावे लागतील. त्यातल्या तीन लाखांचे कर्ज काढले, तर त्याच हिशेबाने हप्ता सुमारे चार हजार पडेल. म्हणजे एकच पदवी एका घराला परवडते आणि शेजारच्या घराला बुडवते. ‘या शाखेत पैसा आहे का’ असा मोघम प्रश्न विचारण्यापूर्वी ‘मी ही पदवी किती कर्जावर घेत आहे’ असा नेमका प्रश्न प्रत्येक पालकाने विचारला पाहिजे. बाजारभाव आपल्या हाती नसतो; कर्ज किती काढायचे, हे बव्हंशी आपल्या हाती असते.

आता यंत्राच्या भयाकडे वळू. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांसमोर आले आणि बुद्धीची कामे ही मनुष्याची अखेरची मिरास आहे, या समजुतीला तडा गेला. तथापि या भयाने पालक ज्या दिशेला पळत आहेत, ती दिशा पाहून आम्हांला नवल वाटते. डिसेंबर २०२३ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या महाविद्यालयांना प्रत्येक शाखेच्या जागांवर असलेली मर्यादा उठवली, आणि संगणक व कृत्रिम बुद्धिमत्ता या शाखांच्या जागा भराभर वाढल्या. वास्तविक या यंत्राने सर्वांत अगोदर हात घातला आहे तो संगणकाची आज्ञावली लिहिण्याच्याच कामात. देशातल्या सर्वांत मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्याला सर्वस्वी हे यंत्रच कारण होते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु चार वर्षांपूर्वी याच कंपन्यांच्या नोकरीला सुरक्षिततेचा परमावधी मानणाऱ्यांनी यातून काही बोध घ्यावा. पावसाला भिऊन पन्हळीखाली जाऊन उभे राहण्यासारखे हे वागणे आहे.

मग पर्यावरण अभियंत्याच्या कामातले यंत्र काय काय करील? पुष्कळ काही करील, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शहराची लोकसंख्या आणि पाण्याची गरज यांचे अंदाज ते बांधील. जलवाहिन्यांतल्या दाबाचे आकडे पाहून गळती कोणत्या टप्प्यात आहे, हे ते सांगू शकेल. धुराड्यातून निघालेला धूर वाऱ्याबरोबर कोठवर पसरेल, याचे गणित ते मनुष्यापेक्षा पुष्कळ लवकर करील. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात हवा केव्हा किती सोडावी आणि विजेची बचत कशी करावी, याचा सल्ला ते देईल. दोनशे पानांचा अहवाल ते एका तासात मांडून ठेवील. ज्या तरुणांची नोकरी जुन्या अहवालातली नावे बदलून नवा अहवाल तयार करण्यापुरतीच होती, त्यांची नोकरी जाणार, यात शंका नाही. ती जावी याचे आम्हांला दुःखही नाही.

कारण हे नकलेचे काम यंत्र येण्यापूर्वीपासून चालले होते, आणि त्याचे फळ आपण पाहिलेले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीसाठी सादर झालेल्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालात रशियातल्या एका खाणीच्या अहवालातले उतारेच्या उतारे आढळले होते. कोकणच्या लाल मातीतली, आंबा-काजूची भूमी आणि तिच्या अहवालात उत्तरेकडच्या थंड प्रदेशातली झाडे! तो अहवाल लिहिणारा रत्नागिरीला गेला होता की नाही कोण जाणे. निदान त्याचे डोळे तरी गेले नव्हते. त्या वेळी ही नक्कल हाताने करावी लागली. आता ती अधिक सफाईने होईल, झाडांची नावेही बरोबर पडतील, आणि मग खोटे ओळखणे अधिकच अवघड होईल. अशा काळात जागेवर जाऊन पाहणाऱ्या माणसाची गरज कमी होईल की वाढेल, हे वाचकांनीच ठरवावे.

यंत्राला आकडे कळतात. आकडे कोठून आले, हे त्याला कळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली अतिप्रदूषक अशा सतरा वर्गांतल्या कारखान्यांना धूर व सांडपाणी यांचे अखंड मोजमाप करणारी उपकरणे बसवण्यास सांगितले. त्यांचे आकडे अहोरात्र संगणकावर येत असतात. परंतु उपकरणाची नळी ज्या पाण्यात बुडवलेली आहे, ते पाणी कारखान्याचेच आहे काय, हे पाहायला कोणी तरी तेथे जावे लागते. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाकीत खरे काम करतात ते सूक्ष्म जंतू. त्यांना प्राणवायू कमी पडला किंवा रात्री कोणी रसायनाचा लोट सोडला, की ते मरतात. टाकीवर फेस येतो, गाळ तळाशी बसेनासा होतो. अनुभवी अभियंता टाकीच्या काठावर उभा राहताच वासावरून आणि रंगावरून काय बिनसले ते ओळखतो, मग नाल्याच्या कडेने चालत जाऊन लोट कोठून आला ते शोधतो, आणि शेवटी त्या कारखानदारासमोर उभा राहून ‘हे बंद करा’ असे म्हणतो. या तीन कामांपैकी पहिल्यात यंत्र थोडे साहाय्य करील, दुसऱ्यात त्याहून थोडे. तिसऱ्यात मुळीच नाही. ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य आणि त्याबद्दलची जबाबदारी या दोन गोष्टी यंत्राला देता येत नाहीत. उद्या पाणी दूषित निघाले, तर न्यायालयापुढे यंत्राला उभे करता येणार नाही.

तेव्हा या कामाला माणसे लागणार नाहीत, ही भीती निराधार आहे. काम किती पडून आहे, ते पाहा. केंद्रीय मंडळाच्या २०२१ सालच्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते, आणि त्यातले प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३६ दशलक्ष लिटर; म्हणजे शंभरातले अठ्ठावीस. उरलेले बहात्तर भाग नद्यांत, ओढ्यांत आणि समुद्रात जात होते. मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप येथे मिळून रोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटर क्षमतेच्या सात शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. आमच्या मुळा-मुठेसाठी जपानी संस्थेच्या कर्जाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. अकरा केंद्रांचे भूमिपूजन व्हायला मार्च २०२२ उजाडला. सहा वर्षे कागदांची वाट पाहण्यात गेली आणि नदी तोवर वाहतच होती. ही केंद्रे बांधायला माणसे लागतात, आणि बांधून झाल्यावर पुढची तीस वर्षे ती चालवायलाही लागतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे भय घातले जाते, ती हवेत राहत नाही. ती राहते डेटा सेंटर नावाच्या प्रचंड इमारतींत, आणि देशातल्या अशा केंद्रांचा सर्वांत मोठा वाटा मुंबई-नवी मुंबईच्या परिसरात आहे. तिथली यंत्रे अहोरात्र तापतात. ती थंड ठेवायला वीज लागते आणि अनेक ठिकाणी पाणीही पुष्कळ लागते. ते पाणी पिण्याच्या साठ्यातून द्यायचे, की शहराचे सांडपाणी शुद्ध करून द्यायचे, वापरून झालेल्या पाण्याचे पुढे काय करायचे, हे प्रश्न सोडवणार कोण? यंत्राच्या घरी पाणी भरायलाही अखेर पर्यावरण अभियंताच हवा.

काम एवढे आहे, यंत्र ते सारे करू शकत नाही. मग पगार बावीस हजार का? आमच्या मते खऱ्या दुखण्याची नाडी येथे आहे. वस्तूची गरज असणे निराळे आणि तिला भाव असणे निराळे. गरज नदीला आहे, नदीकाठच्या गावांना आहे, सिंहगड रस्त्यावरच्या त्या काकूंना आहे. परंतु पगार देणारे हे नव्हेत. पगार देणारे तीन. पहिले सरकार, दुसऱ्या नगरपालिका-महानगरपालिका, आणि तिसरे कारखानदार व बांधकाम व्यावसायिक. या तिघांनाही हा अभियंता मनापासून हवा आहे काय?

सरकारकडे पाहा. केंद्रीय मंडळाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला दिलेल्या माहितीप्रमाणे देशातल्या राज्य मंडळांत व समित्यांत मंजूर असलेल्या सुमारे साडेअकरा हजार पदांपैकी जवळजवळ निम्मी पदे रिक्त होती. महाराष्ट्राने तर या बाबतीत देशाला वाट दाखवलेली. पाण्याच्या प्रदूषणाला आळा घालणारा आपला राज्य कायदा १९६९ सालचा, आपले मंडळ १९७० सालचे. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ साली आला. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९५८ मध्ये नागपुरात निघाली, तीच पुढे ‘नीरी’ या नावाने प्रसिद्ध झाली. एवढी परंपरा असलेल्या राज्यात पाणीपुरवठा व मलनिःसारण यांच्या कित्येक पदांच्या जाहिरातींत स्थापत्य अभियंता हवा असे लिहिलेले असते, आणि याच विषयाची पदवी घेतलेला उमेदवार अर्ज करण्यासही अपात्र ठरतो. पाण्याचे शास्त्र शिकलेल्याला पाण्याच्याच खात्याने दाराबाहेर उभे करावे, याला काय म्हणावे?

नगरपालिकांची तऱ्हा निराळी. शुद्धीकरण केंद्र बांधताना कोटींचे आकडे बोलले जातात. ते चालवण्याचा ठेका मात्र सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला मिळतो, आणि ठेकेदाराला कमी बोली परवडते ती माणसांच्या पगारात काटछाट करूनच. खाजगी उद्योगांविषयी तर बोलायलाच नको. पर्यावरणीय परिणामांचा अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराला पैसे देतो तो प्रकल्पाचा मालक. ज्याची परीक्षा घ्यायची, त्यानेच परीक्षकाचे मानधन द्यायचे, असा हा प्रकार आहे. आम्ही शिक्षक होतो तेव्हा अशा पद्धतीने परीक्षा घेतल्या असत्या, तर एकही मुलगा नापास झाला नसता आणि एकालाही काही आले नसते. अशा ठिकाणी अभियंत्याच्या ज्ञानाला भाव येत नाही. त्याच्या शिक्क्याला येतो, आणि शिक्का स्वस्तच मिळतो.

याउलट अमेरिकेत या अभियंत्यांचा मध्यम वार्षिक पगार एक लाख डॉलरांच्या वर आहे. तेथील माणसे आपल्याहून निसर्गप्रेमी आहेत म्हणून नव्हे. तेथे १९७२ पासून पाण्याचा कडक कायदा आहे, तो मोडणाऱ्याला जबर दंड होतो, आणि सार्वजनिक कामांचे आराखडे परवानाधारक अभियंत्याच्या सहीवाचून पुढे सरकत नाहीत. ती सही चुकली, तर परवाना जातो. सहीला धोका आहे, म्हणून सहीला किंमत आहे. आपल्याकडे वकिलांसाठी १९६१ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा देशव्यापी कायदा आहे. अभियंत्यांच्या नोंदणीचा तसा कायदा अद्याप नाही. यंत्राच्या युगात तर ही उणीव अधिकच जाणवेल. आराखडा यंत्राने केला, तपासला कोणी आणि त्याला जबाबदार कोण, हे कायद्याने ठरवले नाही, तर स्वस्त यंत्र आणि बेजबाबदार शिक्का यांची जोडी जमेल आणि खरा अभियंता घरी बसेल. ते यंत्राचे कर्तृत्व नसेल. आपल्या ढिलाईचे ते फळ असेल.

आणि ही बचत आपल्याला केवढ्याला पडते? जानेवारी २०२५ ची साथ आठवा. नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत ‘गियाँ-बारे’ या विकाराचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले आणि संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काहींचे प्राण गेले. दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात गेलेल्या जंतूंशी लढता लढता शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, असा हा रोग. रुग्णांच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर’ जंतू सापडले, आणि त्या भागाला विहिरीतून होणाऱ्या पाणीपुरवठ्यावर सर्वांचे लक्ष गेले. यांतली नांदेड आणि किरकटवाडी ही गावे २०२१ साली महापालिकेच्या हद्दीत आली होती. हद्द एका आदेशाने वाढते. शुद्ध पाणी आदेशाने पोहोचत नाही. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली, तेव्हाही पंचगंगेचे पाणी असेच चर्चेत आले होते. अतिदक्षता विभागातले एका रुग्णाचे एका आठवड्याचे देयक आणि एका तरुण अभियंत्याचा वर्षाचा पगार शेजारी ठेवून पाहावे. जो पैसा आपण पगारात वाचवतो, तो रुग्णालयात भरतो. फरक एवढाच, की वाचवतो एक आणि भरतो दुसरा.

या शहराला तरी हे कोणी नव्याने शिकवायला नको. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधला आणि तेथून बंदिस्त नळाने शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आणले. त्या कारागिरांना काय मेहनताना मिळाला, हे आज कोणाला आठवत नाही. परंतु त्या नळाचे पाणी पिऊन या शहराच्या कित्येक पिढ्या जगल्या. पाणी आणणाऱ्याच्या विद्येची खरी किंमत अशी पिढ्यांनी मोजावी लागते. मात्र हे सांगून आम्ही त्या मुलीला अल्प पगारावर समाधान मानण्याचा उपदेश करीत नाही. पिढ्यांचे पुण्य तिच्या कर्जाचा हप्ता फेडणार नाही. सेवेचा गौरव करून पगार बुडवण्याची युक्ती शिक्षकांच्या बाबतीत फार काळ चालली. तिची पुनरावृत्ती अभियंत्यांच्या बाबतीत नको.

मग करावे काय? विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे. ही शाखा आवडत असेल तर अवश्य घ्यावी, पण मोठे कर्ज काढून, ज्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा कुलूपबंद असते तेथे घेऊ नये. प्रवेशापूर्वी तेथे जाऊन पाण्याचे नमुने मुले स्वतः तपासतात काय, हे पाहावे. निव्वळ नोकरीच्या दारांचा विचार केला, तर प्रथम स्थापत्याची पदवी आणि मग पर्यावरणाचे पदव्युत्तर शिक्षण हा मार्ग आज अधिक दारे उघडतो. तो लांबचा आहे, पण सुरक्षित आहे. संगणकाला शत्रू मानू नये. आकडेवारी हाताळणे आणि हे नवे यंत्र वापरणे शिकून घ्यावे, म्हणजे यंत्राने दिलेले उत्तर कोठे चुकले, हे सांगता येईल. आणि पहिली दोन वर्षे कचेरीत न काढता केंद्रावर, नाल्यावर, कचराभूमीवर काढावी. जे ज्ञान पायाला चिखल लागल्याशिवाय मिळत नाही, ते यंत्राला मिळत नाही. म्हणून तेच टिकेल.

महाविद्यालयांना सांगणे एवढेच, की ज्या कामाला यंत्र पुरेसे आहे, त्यासाठी मुलांची चार वर्षे आणि पालकांचे लाखो रुपये घेऊ नयेत. शासनाकडे आमच्या मागण्या चार आहेत. प्रदूषण मंडळातली रिक्त पदे मुदत ठरवून भरावीत. पाणीपुरवठा व मलनिःसारणाच्या पदांसाठी पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी ग्राह्य धरावी. परिणामांचे अहवाल लिहिणाऱ्यांचे मानधन प्रकल्पमालकाने थेट न देता ते एखाद्या त्रयस्थ निधीतून द्यावे. आणि अभियंत्याची सही कायद्याने बंधनकारक करून तिची जबाबदारीही कायद्यानेच निश्चित करावी. सेबीने २०२२-२३ पासून बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना पर्यावरणविषयक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, आणि ते आकडे जमवणाऱ्या माणसांची कंपन्यांना गरज भासू लागली. नियम खरा असेल, तर बाजार त्याच्या मागोमाग येतो. वर सांगितलेल्या चार गोष्टी झाल्या, तर या पदवीचा भाव वाढवण्यासाठी कोणाला भाषणे करावी लागणार नाहीत.

आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही जे सांगितले, ते येथेही नमूद करतो. तुमच्या मुलीच्या हिशेबात कर्ज थोडे आहे, तिची ओढ खरी आहे; तिला जाऊ द्या. बाजार तिला पहिली काही वर्षे कमी देईल, हे गृहीत धरा आणि घरात तशी तरतूद ठेवा. यंत्राचे भय बाळगू नका. भय बाळगायचे असेल, तर ते रिक्त खुर्चीचे बाळगा, कारण त्या काकूंच्या नळाला आलेले पाणी कोणा यंत्राने दूषित केले नव्हते आणि ते पाहायला वेळेवर माणूसही आला नव्हता. ते पाणी तपासायचे काम कोणाचे होते, हा तुमच्या मुलीचा प्रश्न मात्र आम्ही तुमच्यापाशी ठेवून घेऊ देणार नाही. तो महापालिकेला आणि शासनाला विचारण्याचा आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत आम्ही तो विचारीत राहू.